चौकटीच्या वहीतला चकवा

‘उजवीकडे’ म्हणजे नक्की कोणाच्या उजवीकडे, यावरून माझं आणि दादाचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण १९९४च्या मे महिन्यात झालं.

दादा म्हणजे मामेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मामा टॅक्सची कामं करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं ऑफिस, ऑफिसात एक कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं झाकण, आणि आत जाताना चपला बाहेर. (धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतो अशी तेव्हा घराघरांत श्रद्धा होती. ‘व्हायरस’ हा शब्द नुकताच कानावर पडू लागला होता, त्याचा परिणाम असावा.) मामा जेवून आडवा झाला की दोन तास कॉम्प्युटर आमचा. कीबोर्ड दादाकडे, कारण बाबा त्याचे. माझ्या वाट्याला आली चौकटीची वही.

गेम होता ‘आय ऑफ द बिहोल्डर’. मूळचा १९९१चा, आमच्यापर्यंत कोणाकडून तरी फ्लॉपीवरून आलेला, त्यामुळे सोबत माहितीपुस्तिका वगैरे काही नाही. वॉटरडीप नावाच्या शहराखालच्या गटारांत चार जण उतरतात, मागे दरड कोसळून वाट बंद होते, आणि मग एकाखाली एक असे बारा मजले. चालायचं ते मोजून. एक बटण दाबलं की एक चौकोन पुढे, दुसरं दाबलं की काटकोनात वळण. समोर भिंत. वळलं की भिंत. पुन्हा वळलं की तीच भिंत, किंवा अगदी तिच्यासारखी दुसरी. नकाशा नावाची गोष्ट गेममध्ये नव्हतीच. तो आपला आपण काढायचा.

दादा सांगायचा, “तीन पुढे, उजवीकडे वळलो, दोन पुढे, डावीकडे दार.” मी काढायचो. पण हे चौघे दक्षिणेला तोंड करून चालत असले की त्यांची उजवी बाजू माझ्या वहीत डावीकडे यायची. मग मी वहीच फिरवायचो. वही फिरवली की त्यावर लिहिलेलं सगळं उलटं. मग मान फिरवायची. पडद्यावर खाली चक्क होकायंत्र होतं, ते कशासाठी हे आम्हाला चौथ्या दिवशी समजलं.

शेवटी मी युक्ती काढली. देवघरातून काडेपेटीतली एक काडी आणली आणि ती वहीवर ठेवली. गूल असलेलं टोक म्हणजे आमचं तोंड. दादाने पाऊल टाकलं की काडी एक चौकोन सरकवायची, तो वळला की वळवायची. भांडणं एका दिवसात बंद झाली. तीन मजले आम्ही त्या काडीच्या भरवशावर उतरलो. चौथ्या मजल्यावर कोळी होते, गाडीच्या टायरएवढे, विषारी. एका कोळ्यापासून पळताना दादाने दहाबारा बटणं धडाधड दाबली. मी पेन्सिल शोधायला वाकलो होतो. वर येऊन बघतो तर काडी नाही. पंखा पाचवर होता. टेबलाखाली शोधलं, मामाच्या फायलींमागे शोधलं. काडी गेली ती गेलीच, आणि आम्ही हरवलो.

आता हसू येतं, पण त्या दुपारी पोटात खड्डा पडला होता. पडद्यावर चौघे जण सुखरूप उभे, भिंत समोर, सगळं जागच्या जागी. फक्त आम्ही कागदावर कुठे आहोत ते आम्हाला माहीत नव्हतं. आजी म्हणायची, रानात चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच झाडाभोवती फिरत राहतो. त्यावर उपाय एकच, आहे तिथे बसून राहायचं, उजाडेपर्यंत. गटारात उजाडत नाही. बसून राहिलं की भूक लागते आणि कोळी येतात. सुटका केली ती एका दगडाने. फेकून मारायचे दगड त्या गेममध्ये मिळतात. त्यातला एक दादाने कुठल्याशा चौकात टाकला होता आणि मी वहीत त्या जागी ठिपका दिला होता. अर्धा तास चाचपडल्यावर तो दगड दिसला. वहीतल्या ठिपक्यावर नवी काडी ठेवली.

ही दगड टाकायची अक्कल आमची नव्हती, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणावा असा एक गेम १९७६च्या सुमाराला अमेरिकेत विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने लिहिला. त्यात चित्र नव्हतं, नुसती वाक्यं. त्यातला एक भूलभुलैया प्रसिद्ध आहे. त्याच्या सगळ्या खोल्यांचं वर्णन अक्षरशः एकसारखं. उत्तरेला जाऊन पुन्हा दक्षिणेला आलात तर निघालात तिथेच पोचाल अशी खात्री नाही. तिथे उपाय हाच, हातातली एकेक वस्तू एकेका खोलीत टाकायची. म्हणजे ‘दिवा पडलेली खोली’, ‘चाव्या पडलेली खोली’ अशी ओळख तयार होते.

मला त्याहून आवडते ती क्राउदरची दुसरी बाजू. तो हाडाचा गुहावेडा होता. केंटकीतल्या प्रचंड मॅमथ केव्हच्या परिसरात तो आणि त्याची तेव्हाची बायको पॅट्रिशिया गुहांची मोजमापं घ्यायचे आणि ती आकडेमोड कॉम्प्युटरला घालून नकाशे काढायचे. १९७२ साली फ्लिंट रिजच्या गुहा आणि मॅमथ केव्ह आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघं वेगळे झाले, आणि मुलींना खेळायला म्हणून विलने त्याच गुहांचा गेम केला. थोडक्यात, नकाशा आधी, गेम नंतर. आमच्यासारख्यांनी गेम खेळता खेळता नकाशे काढले, तेव्हा ती गोष्ट पुन्हा मूळ जागी नेऊन ठेवली म्हणायची.

वहीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण नकाशा काढणाऱ्यांतही दोन घराणी आहेत. ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये भिंत अख्खा चौकोन खाते. त्यामुळे तिथे काढायचं म्हणजे चौकोन काळे करायचे. पेन्सिल संपते, करंगळीखालचा तळवा काळा होतो, पण काम सरळ. १९८१च्या ‘विझर्ड्री’मध्ये भिंतीला जाडीच नाही. ती दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर उभी असते. तिथे रेघ गडद करायची, दार असेल तर रेघेवर आडवी खूण. दिसायला नाजूक, पण एक रेघ चुकली की शेजारच्या खोलीचं वाटोळं. आलेखवहीतल्या मिलिमीटरच्या चौकोनांत हे करायला जाऊ नये. प्राथमिक शाळेच्या गणिताची, मोठ्या चौकटींची वही ती खरी. बेरजेतल्या हातच्यांसाठी केलेल्या त्या घरांत एक दार आणि एक प्रश्नचिन्ह आरामात मावतं.

‘विझर्ड्री’ मी खेळलो तो खूप नंतर, नोकरी लागल्यावर, इम्युलेटरवर (म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर). अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेलच्या दोन विद्यार्थ्यांनी अ‍ॅपल-२ या कॉम्प्युटरसाठी केलेला गेम. दहा मजले, प्रत्येक मजला वीस गुणिले वीस. वीस चौकोन मोजून मी पानावर चौकट आखली. एका बोळातून सरळ पूर्वेला निघालो. पंधरा, सोळा, एकोणीस, वीस. संपायला हवं होतं. पुढचं पाऊल पडलंच. एकवीस. पान संपलं आणि बोळ चालू. मी खोडलं, पुन्हा मोजलं, स्वतःला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की पूर्वेच्या कडेवरून बाहेर पडलं की पश्चिमेच्या कडेतून आत येतो. मजला म्हणजे गुंडाळी केलेला कागद!

आणखी एक जागा होती. तिथे पाय ठेवला की गेम तुम्हाला गुपचूप फिरवतो, आवाज नाही, काही नाही. त्या गेममध्ये होकायंत्रही नाही. तुम्ही उत्तरेला म्हणून चालत राहता आणि असता भलतीकडेच. हे पडद्यावर कधीच कळत नाही. कळतं कागदावर. दहा पावलांनंतर तुमचा नवा बोळ जुन्या खोलीच्या मधून आरपार जायला लागतो, आणि तसं होऊच शकत नाही. तेव्हा तुम्ही पेन्सिल खाली ठेवता आणि मागे कुठे फसलो ते शोधायला लागता. दिशा आणि जागा सांगणारा ‘डुमापिक’ नावाचा एक मंत्र जादूगाराकडे असतो, पण मंत्र मोजकेच. ते जपून वापरायचे की कोडं स्वतः सोडवायचं, हा पुन्हा वेगळा हिशोब.

मला तेव्हा प्रथमच वाटलं की हा गेम दोन पटांवर खेळला जातो. एक पडदा, दुसरा माझ्या मांडीवरचा कागद. तो लिहिणाऱ्या पोरांनी सापळे लावले होते ते पडद्यावर नाहीत, माझ्या कागदावर. माझा नकाशा चुकावा हीच त्यांची इच्छा होती, आणि चुकलेला नकाशा हीच मला मिळालेली खूण.

पुढच्या गेममध्ये ऑटोमॅप आला, म्हणजे आपण चालू तसा गेमच काढत जातो तो नकाशा. ऑटोमॅप चुकत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे. गोल फिरवणारी ती जागा ऑटोमॅप असलेल्या गेममध्ये आली तर कोपऱ्यातला बाण टुणकन फिरलेला दिसतो, आपणही परत फिरतो, संपलं. चकवा लागला खरा, पण हातात टॉर्च, जीपीएस आणि सोबतीला गुरखा!

आता मी काही ऑटोमॅपच्या नावाने जुन्या मंडळींसारखा कपाळ बडवून घेणार नाही. संसार आहे, पाठदुखी आहे, रात्री दहानंतरचा पाऊण तास मिळतो, त्यात कोण चौकोन काळे करत बसणार? ऑटोमॅपचे काही अवतार तर सुंदर होते. १९९२च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये नकाशा जुनाट चर्मपत्रावर आपोआप उमटायचा, आणि त्यावर तुम्ही स्वतःच्या नोंदी टाइप करू शकायचात, इथे पाणी, इथे तो आगाऊ बुटका. ‘माइट अँड मॅजिक’च्या १९९१च्या तिसऱ्या भागात नकाशा आपोआप निघतो खरा, पण तुमच्यापैकी कोणीतरी नकाशे काढायचं कसब शिकलेला असेल तरच. आणि ते शिकायला गावात सोन्याची नाणी मोजावी लागतात. हे वाचलं तेव्हा दादावर थोडा राग आला. तीन मजले मी फुकट राबलो होतो.

पण स्वतःचंच एक निरीक्षण आहे. ऑटोमॅप असला की मी भुयार बघतच नाही. कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनाकडे बघत चालतो. उरलेले काळे कोपरे दिसले की केर काढल्यासारखा तिकडे जाऊन झाडून येतो. मजला शंभर टक्के उजळला की समाधान, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवत नाही. वॉटरडीपच्या गटाराचा पहिला मजला मात्र मी आजही डोळे मिटून उतरू शकेन.

मधला मार्ग जपान्यांनी काढला. २००७ साली निन्टेन्डो डीएसवर ‘एट्रियन ओडिसी’ आला. त्या यंत्राला दोन पडदे, खालचा बोटाने किंवा काडीने टोकण्याचा. वर भूलभुलैया, खाली चौकटीची वही! भिंती आपण ओढायच्या, दार, जिना, खजिना यांची चित्रं उचलून आपण ठेवायची. चुकीची भिंत काढली तर ती चुकीचीच राहते, गेम दुरुस्त करायला येत नाही. मी तो खेळत असताना लोकलमध्ये शेजारचे काका दहा मिनिटं वाकून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “प्लॅन काढताय का? इथे तुम्ही डक्ट सोडलीय.” बघितलं, तर खरंच दोन खोल्यांच्या मध्ये एक चौकोन चहूबाजूंनी बंद, रिकामा. हाताने नकाशा काढणाऱ्याला अशी रिकामी जागा झोपू देत नाही. परत जाऊन भिंत न् भिंत चाचपली. आत वाट निघाली. काकांना सांगायचं राहून गेलं, ते ठाण्याला उतरले होते.

‘लिजेंड ऑफ ग्रिमरॉक’ या २०१२च्या फिनिश गेममध्ये सुरुवातीलाच ऑटोमॅप बंद करायची सोय आहे. गेल्या दिवाळीत मी ती वापरली. वही आणली, पेन्सिलला टोक केलं, आणि काडेपेटीतून एक काडी काढून पानावर ठेवली. फोटो काढून दादाला पाठवला, खाली लिहिलं, “पंखा बंद आहे.”

त्याचा लगेच फोन आला. आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “अरे, ती काडी पंख्याने नव्हती उडाली. मी कान कोरायला घेतली होती.”