हरबऱ्याच्या जागलीतलं पुस्तक

२२ नोव्हेंबर, रात्री

दिवसभर कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा सोलल्या आहेत, पेन धरलं की झोंबतं. तरी आजचं आजच लिहिते, कारण भाचा काल रात्री स्वतःहून जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीला, गेला होता.

जूनमध्ये आला तेव्हा नववीचं नवं दप्तर आणि एक बॅग, एवढंच घेऊन आला. बहिणीकडची अडचण होती, वर्षभर तो आमच्याकडे राहणार असं ठरलं. पुण्यात वाढलेलं लेकरू. वर्गातली पोट्टी त्याला 'पुणेकर' म्हणून हाक मारत. तो 'शेत' म्हणाला की ते हसत, ते 'वावर' म्हणाले की हा गप्प. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला पुस्तकांशिवाय दुसरा उपाय माहीत नाही. बाबांनी लग्नात पेटीभर पुस्तकं दिली होती, ती उघडली.

पहिलं दिलं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मला जिवापाड प्रिय आहे. पण आईला सोडून आलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच आठवड्यात ते ठेवायला नको होतं. बेचाळीस रात्रींपैकी तो दोनच वाचू शकला आणि उशीत तोंड खुपसून रडला. मग प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं. लंपनही आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. कादंबरी नाही ती, कथा आहेत, रोज झोपताना एक वाचून होते. भाच्याचा चेहरा तिथे जरा सैल झाला. 'बनगरवाडी'ही त्याने आवडीने वाचली. मेंढक्यांच्या वाडीवर नवा आलेला पोरगेला मास्तर, त्याला आधी कुणी विचारत नाही, हे त्याला न सांगता समजलं. मिलिंद बोकिलांची 'शाळा' मात्र मी दहावीनंतरसाठी ठेवली आहे. नववीचीच गोष्ट आहे ती, तरी थोडं दूर उभं राहून वाचली तर जास्त कळेल असं माझं मत.

पण तो खरा रुतला 'पाडस'मध्ये. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ च्या कादंबरीचा हा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तकाला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. फ्लोरिडातलं जंगल, तिथली एकटी शेतकऱ्याची झोपडी, आणि ज्योडी हा मुलगा. बापाला साप चावतो. विष उतरवायला बाप तिथल्या तिथे एक हरिणी मारून तिचं काळीज जखमेला लावतो, आणि तिचं पिल्लू पोरकं होतं. ज्योडी ते घरी आणतो. पिल्लू वाढतं आणि उगवलेला मका खायला लागतं. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून पोरगा एकटा पुन्हा पेरतो आणि कुंपण उंच करत नेतो.

पुढचं इथे लिहीत नाही, ज्याचं त्याने वाचावं. पण त्या पानावर भाच्याने मला चुलीपाशी येऊन विचारलं, "मावशी, म्हणजे दुबार पेरणी ना?" जुलैत पावसाने दडी मारली तेव्हा यांनी दुसऱ्यांदा बियाणं आणलं होतं, त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. हा तेव्हा भिंतीकडे तोंड करून होता. त्याने सगळं ऐकलं होतं तर.

शेजारच्या काकाजींची नात अकरावीला आहे. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, तरी तिचंही काहीतरी हरवलेलं होतं. शाळेत बोलणं सुधारून सुधारून ती घरातसुद्धा जपून बोलायला लागली होती. तिला उद्धव शेळक्यांची 'धग' दिली, १९६० ची. गरिबी फार कडक आहे त्या कादंबरीत, लहान मुलांना मी देणार नाही. त्यातल्या कौतिकचं वऱ्हाडी बोलणं तिने ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं, थांबली, आणि म्हणाली, "काकू, असं बी लिवता येते पुस्तकात?" तिचा आवाज वेगळाच झाला होता, आजीच्या आवाजासारखा.

आपल्या मातीतलंच द्या, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. या पोरीच्या बाबतीत ते खरं ठरलं. भाच्याला मात्र आमच्या वावरात आणलं फ्लोरिडातल्या पोराने.

सध्या शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची आहे. हे ओलिताला निघाले तेव्हा भाचा बॅटरी घेऊन मागे उभा. शेजारचा पोरगाही गेला, जूनमध्ये सगळ्यात जास्त हसणारा तोच होता. पहाटे दोघं दवाने ओल्या पँटींनी परतले. रोही (नीलगायी) आले नाहीत, पण तीन हरणं हरबऱ्यात शिरली होती. त्यांनी डबा वाजवून हाकलली. "एक लहान होतं," भाचा म्हणाला, आणि चहाच्या कपाकडे पाहत राहिला. जरा वेळाने म्हणाला, "उद्या धुऱ्यावरच्या काट्या उंच करतो."

मघाशी 'पाडस' जागेवर दिसलं नाही म्हणून विचारलं. शेजारच्या पोराकडे गेलं आहे म्हणे. वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसून रात्रभर याने त्याला गोष्ट सांगितली, कुंपणापर्यंत, आणि तिथेच थांबला.