मोत्ये, मोहरा आणि खुर्दा

७ जुलै, कार्डिफ

सकाळी कामावर जाताना मुद्दाम वाकडी वाट करून अलेक्झांड्रा गार्डन्समधून गेले. तिथं वेल्सचं राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, १९२८ सालचं. गोलाकार खांब आणि आत हात उंचावून पुष्पचक्रं धरलेले तीन पुतळे: भूदल, नौदल, विमानदल. नोव्हेंबरात, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, इथं पाय ठेवायला जागा नसते. आज फक्त मी होते आणि कुणाच्या तरी सँडविचचा कागद फाडत बसलेला एक सीगल.

आजच्या तारखेचा नाद मला लेकीनं लावला. ती रग्बी खेळते (साताऱ्याकडच्या घरात हे अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही). मध्यंतरी क्लबातून आली ती ओरडतच, "आई, सतरा मॅचमध्ये सतरा ट्राय! आणि मग तो लढाईत मेला!"

तो म्हणजे जॉनी विल्यम्स. कार्डिफ क्लबचा विंगर. वेल्ससाठी १७ सामने, १७ ट्राय (ट्राय म्हणजे रग्बीतला गोलच समजा). १९०८, १९०९ आणि १९११ मध्ये वेल्सनं सगळ्यांना धूळ चारली त्या संघांतला. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिशी ओलांडलेली, कोळशाच्या निर्यातीचा धंदा, सुखवस्तू घर. तरी भरती झाला आणि पुढे वेल्श रेजिमेंटच्या १६व्या बटालियनमध्ये कॅप्टन झाला. या बटालियनला सगळे 'कार्डिफ सिटी'च म्हणायचे, कारण १९१४च्या नोव्हेंबरात शहराच्या महापौरांनी पुढाकार घेऊन ती उभी केली होती. एकाच गल्लीतले, एकाच कचेरीतले, एकाच क्लबातले लोक एकत्र भरती झाले. तेव्हा ही मोठी हौसेची कल्पना वाटली असणार. एकाच दिवशी एकाच गल्लीत किती घरांवर काय कोसळेल याचा हिशोब कुणी केलेला दिसत नाही.

तो दिवस आजचा. ७ जुलै १९१६, फ्रान्समध्ये सोम नदीच्या आघाडीवर मॅमेट्झचं जंगल. सकाळी साडेआठला ही बटालियन उघड्या उतारावरून जंगलाच्या दिशेनं निघाली. आडोशाला धूर सोडायचं ठरलं होतं, तो धूर आलाच नाही. समोरून गोळीबार होईल हे गृहीतच होतं, पण बाजूच्या फ्लॅटआयर्न आणि सॅबट या दोन छोट्या रायांतूनही मशीनगन सुरू झाल्या. माणसं उतारावरच आडवी झाली. दिवसभरात पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले, वरून पाऊस, पायाखाली खडूसारखी पांढरी माती. जंगल काही हाती आलं नाही.

विल्यम्सच्या पायाला लागलं. पाय कापावा लागला.

त्याच बटालियनमध्ये सार्जंट-मेजर होता डिक थॉमस. तोही वेल्सकडून चार सामने खेळलेला, व्यवसायानं पोलीस, अंगापिंडानं दणकट. तो त्याच दिवशी जागीच गेला.

८ जुलै

काल झोप नीट लागली नाही. डोक्यात तारा घोळत होत्या.

आजी सांगायची, गावात तार आली म्हटलं की वाचायच्या आधीच बायका रडायला सुरुवात करायच्या. पोस्टमन दारात उभा राहून म्हणायचा, "अहो, नातू झाल्याची आहे!" तरी कुणी ऐकायचं नाही.

१९१६च्या जुलैत कार्डिफमध्येही तारा येत होत्या, पण फक्त अधिकाऱ्यांच्या घरी. साध्या शिपायाच्या घरी पोस्टानं छापील फॉर्म यायचा. त्याचाही नंबर होता, बी १०४-८२. मजकूर आधीच छापलेला. नंबर, हुद्दा, नाव, तारीख एवढ्या जागा मोकळ्या ठेवलेल्या, त्या कारकुनानं शाईनं भरायच्या. वीजबिलासारखं. वर्तमानपत्रांतही अधिकाऱ्यांची यादी वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. 'बाकीचे' हा शब्द माझा नाही. सैन्याच्या भाषेतच ते दोन वर्ग होते: अधिकारी, आणि इतर हुद्दे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पानिपतानंतर पुण्याला गेलेला तो सांकेतिक निरोप शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. दोन मोत्ये गळाली. सत्तावीस मोहरा हरवल्या. रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. लहानपणी मला तो निरोप फार सुंदर वाटायचा. काल रात्री पहिल्यांदा खुर्द्याच्या बाजूनं तो वाचून पाहिला.

१० जुलै

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत आम्ही गाडीनं फ्रान्सला गेलो होतो. नवऱ्याला पॅरिस हवं होतं, लेकीला डिस्नेलँड. दोन्ही झालं, पण वाटेत एक दिवस मी मागून घेतला.

मॅमेट्झच्या जंगलासमोर एक लाल ड्रॅगन उभा आहे. वेल्सचा ड्रॅगन, दगडी चौथऱ्यावर, तोंड जंगलाकडे, पंजात तोडलेलं काटेरी तारेचं कुंपण. डेव्हिड पीटरसन या लोहार-शिल्पकारानं घडवलेला. जवळ गेलं की पत्र्याच्या कडा आणि सांधे दिसतात, गुळगुळीत असं काहीच नाही. तो तिथं उभा राहायला १९८७ साल उजाडलं. ७१ वर्षं! तोवर लढाईतून परतलेल्यांपैकी बहुतेक जण गेले होते.

तिथून पुढे शेतांतली अरुंद वाट फ्लॅटआयर्न कॉप्सच्या दफनभूमीकडे जाते. ज्या राईतून मशीनगन चालल्या तिच्याच नावाची दफनभूमी. दीड हजारावर थडगी. लेक आधी कंटाळली होती, मग ओळींतून फिरता फिरता थांबली. "आई, इथे सेम आडनाव दोनदा आहे."

ट्रेगॅस्किस. आर्थर आणि लेनर्ड. कार्डिफजवळच्या पेनार्थचे सख्खे भाऊ. कॅनडात जाऊन राहिले होते, लढाईसाठी परत आले, दोघेही कार्डिफ सिटीमध्ये लेफ्टनंट झाले. ७ जुलैला एकाला गोळी लागली, दुसरा त्याला सावरायला धावला आणि तोही गेला, असं सांगतात. आता शेजारी शेजारी आहेत.

आणखी एक जोडी तिथंच आहे, टॉम आणि हेन्री हार्डविज. ऱ्होंडा खोऱ्यातल्या फर्नडेलचे खाणकामगार, वेल्श रेजिमेंटच्याच १५व्या बटालियनमध्ये, टॉम कॉर्पोरल आणि हेन्री लान्स कॉर्पोरल. ११ जुलैला टॉमला गोळी लागली, हेन्री त्याला पाणी पाजत होता, तेव्हा त्याच नेमबाजानं दोघांनाही टिपलं.

लेफ्टनंट भावांचा दगड आणि कॉर्पोरल भावांचा दगड, मी दोन्हींना हात लावून पाहिला. उंची तीच, कमरेच्याही खाली. पांढरा तोच, वरची किंचित गोलाई तीच. हे आपोआप झालेलं नाही. श्रीमंत घरांना आपल्या मुलाचा देह मायदेशी आणायचा होता, संगमरवरी क्रॉस उभारायचा होता. फेबियन वेअर यांच्या युद्धथडगी आयोगानं नाही म्हटलं. लॉर्डाचा मुलगा असो की खाणकामगाराचा, दगड एकच आणि जागा तिथंच. पार्लमेंटात भांडणं झाली, आयांनी अर्ज केले, पण आयोग हलला नाही. घरच्यांना तळाशी स्वतःची एक ओळ कोरून घेता यायची, ६६ अक्षरांपर्यंत, आणि सुरुवातीला अक्षराला साडेतीन पेन्स पडायचे. नंतर पैसे ऐच्छिक केले. मी तिथं उभ्या उभ्या मोजत होते, हार्डविजच्या आईला साडेतीन पेन्स म्हणजे काय असेल.

ही दफनभूमी आखणारा हर्बर्ट बेकर म्हणजे आपल्या दिल्लीचं सचिवालय बांधणारा. हे मला परत आल्यावर कळलं.

आजच्याच तारखेला, १० जुलैला, जंगलावर मोठा हल्ला झाला. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या दुसऱ्या रेजिमेंटच्या १६व्या बटालियनचे कर्नल कार्डेन यांनी हातातल्या काठीला रंगीत रुमाल बांधला होता, माणसांना आपण कुठं आहोत ते दिसावं म्हणून. जर्मनांनाही दिसलाच असणार. जंगलाच्या तोंडाशीच ते पडले. हे शौर्य की अविचार, मला ठरवता येत नाही, आणि खुर्चीत बसून ठरवायचा हक्कही वाटत नाही. पण ते माणसांच्या पुढे होते, मागे नाही, एवढं खरं. या सगळ्या बटालियन ज्या वेल्श डिव्हिजनमध्ये होत्या तिचे जनरल फिलिप्स (वेल्श पुढारी लॉइड जॉर्ज यांच्या मर्जीतले, आधी आपल्याकडच्या हिंदी सैन्यात नोकरी केलेले) यांना आदल्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

१२ जुलै

आज शनिवार. १९१६ साली याच तारखेला विल्यम्स गेला, फ्रान्समधल्याच कोर्बी गावी. त्याचं थडगं तिथंच आहे. डिक थॉमसला थडगं नाही. त्याचं नाव थिएपव्हालच्या स्मारकाच्या भिंतीवर आहे, न सापडलेल्या ७२ हजारांवर नावांत. यात हुद्द्याचा भेदभाव नव्हता हेही लिहून ठेवते. एक पाच दिवसांनी खाटेवर गेला, दुसरा चिखलात. पण दोघांचीही नावं आहेत.

तोवर जंगल वेल्श डिव्हिजनच्या हाती आलं होतं आणि उरलेली माणसं मागे घेतली होती. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून सुमारे ४,०००. वर बोल काय लागला, तर यांनी म्हणावा तसा जोर दाखवला नाही! पुढचं वर्षभर या डिव्हिजनला मोठ्या हल्ल्यात घेतलं नाही.

दुपारी गावी तात्यांना फोन लावला. आमच्या चावडीजवळ भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, इंग्रजीत. या गावातून १९१४-१९१९च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. अशा पाट्या कितीतरी गावांतून आहेत. नाव एकाचंही नाही. आमच्याकडची माणसं बहुतेक मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात गेली. १९१६च्या एप्रिलमध्ये तिथलं वेढ्यात अडकलेलं कुत हे गाव तुर्कांच्या हाती पडलं, तेव्हा आत १०३ आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. वेढा फोडायला बाहेरून जे झगडत होते त्यांत साउथ वेल्स बॉर्डरर्सची चौथी बटालियन होती. म्हणजे माझ्या गावचे आणि या गावचे तिथं काही मैलांवर होते.

बसऱ्याच्या स्मारकाला मात्र दगड एकच हा नियम पोचला नाही. तिथं अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे पलटणीगणिक आकडे घातले. हे बरोबर नव्हतं हे आयोगानं २०२१ साली लेखी कबूल केलं.

तात्यांना म्हटलं, पाटीवरचा आकडा बघून सांगा ना.

"अगं, दर साली चुना मारत्यात न्हवं भितीला, पाटी बी सोडत न्हाईत. बुजलंय सगळं."

"खिळ्यानं खरवडून बघा की."

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तात्यांचा अंगठा, खिळा, आणि चुन्यातून वर आलेलं अर्धं अक्षर. लेकीनं मोठं करून पाहिलं. ती म्हणते इंग्रजी तीन आहे. मला आठ वाटतो. तात्यांना सांगितलंय, उद्या उजेडी पाणी लावून पुन्हा खरवडा.