ब्लॅकगँग लेआउट अपडेट: कडा झाला, आता 702 चा वरचा मजला

मागच्या अपडेटनंतर आइल ऑफ वाइटच्या मॉडेल लेआउटवर बरंच काम झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या या बेटावरचं 1960 च्या दशकातलं ब्लॅकगँग चाइन, म्हणजे कड्यावरचं अम्युझमेंट पार्क, आणि वर कार पार्कमधे सदर्न व्हेक्टिस या बेटावरच्या बस कंपनीची ओपन टॉप, म्हणजे बिनछपराची, डबल डेकर नंबर 702, सगळं 1:76 स्केलमधे, म्हणजे खऱ्याच्या 76 पट लहान. सीन माझ्या मनातला आहे, पण गाडी आणि जागा दोन्ही खऱ्या.

आधी कडा, कारण लेआउटचा खरा हिरो तोच. सगळ्यात वर अपर ग्रीनसँड या वालुकाश्माची उभी भिंत, त्याखाली निळसर करडी गॉल्ट क्ले, म्हणजे चिकणमाती, जिला तिथले लोक ब्लू स्लिपर म्हणतात, आणि तिच्याखाली लोअर ग्रीनसँडचे थर. पावसाचं पाणी वरच्या दगडातून झिरपत येतं, क्लेपाशी अडतं, क्ले बुळबुळीत होते आणि वरचा भाग ओल्या साबणावर ठेवलेल्या फरशीसारखा खाली सरकतो, शिवाय समुद्र पायथा खातोच. म्हणून थर्माकोल सरळ न रचता तुकडे थोडे मागे कललेले ठेवलेत, घसरलेली जमीन तशीच बसते, वरून पीओपी आणि चाळलेली माती फेविकॉलच्या पाण्यात. क्लेचा रंग ओला दिसायला हवा म्हणून फक्त त्या पट्ट्यावर सॅटिन वार्निश मारलं आणि मला तो पट्टा फार म्हणजे फारच आवडलाय.

एका कोपऱ्यात जुन्या रस्त्याचा तुटका तुकडा ठेवलाय. 1928 मधे ब्लॅकगँग ते नायटन रस्ता विंडी कॉर्नरला दरडीबरोबर गेला, त्याची ही आठवण.

पार्क अलेक्झांडर डॅबेलने 1843 मधे सुरू केलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या डॅबेल घराण्यानेच चालवलं. बेटाच्या पश्चिम टोकाच्या नीडल्स खडकांजवळ किनाऱ्याला लागलेल्या फिन व्हेलचा सांगाडा हे त्यांचं पहिल्या काळातलं मोठं आकर्षण होतं, तो मी तांब्याच्या बारीक तारेचा करतोय, बरगड्या एकेक करून सोल्डर. डायनोसॉर का नाहीत असं दोघातिघांनी विचारलं होतं, तर फायबरग्लासचे डायनोसॉर 1972 चे, माझ्या सीनच्या नंतरचे. हे घराणं कडा कोसळला की पार्क आत आत सरकवत राहिलं, 1994 च्या मोठ्या दरडीत शेजारची घरं गेली तरी पार्क चालू राहिलं. मला या हट्टाचं खरंच कौतुक वाटतं.

बसवाल्या घराण्याची गोष्ट मात्र लवकर आटोपली. लंडनमधे बसच्या बॉड्या बांधणाऱ्या डॉडसन घराण्यातल्या भावांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला बेटावर व्हेक्टिस बस कंपनी काढली, आणि 1929 मधे सदर्न रेल्वे पैसे घालून आत आली तेव्हा तिचं सदर्न व्हेक्टिस झालं. फेरी आणि रेल्वेने येणारे पर्यटक बस कंपनी आणि रेल्वे दोघांनाही हवे होते, त्यामुळे रेल्वेला बस हातात हवी असणं साहजिकच.

आता गाडी. फ्लीट नंबर (कंपनीने गाडीला दिलेला नंबर) 702, रजिस्ट्रेशन सीडीएल 899, 1939 ची ब्रिस्टल के5जी, म्हणजे गार्डनरचं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, छप्पर नंतर काढलेलं. 26 फूट लांब म्हणजे या स्केलला जेमतेम 104 मिमी आणि रुंदी 30 मिमी. खालचा मजला, मागचा प्लॅटफॉर्म आणि जिना स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटमधे झालाय, रेडिएटर उंच आणि अरुंद आहे, त्याच्या उभ्या पट्ट्या मी ताणलेल्या स्प्रूच्या (मॉडेल किटमधल्या प्लॅस्टिकच्या फ्रेमच्या काड्या, गरम करून ताणलेल्या) बसवल्या, रंगाच्या आधीच छान उठून दिसतात. रंग हिरवा आणि क्रीम, क्रीम आधी मारणार कारण हिरव्यावर क्रीम बसवायला कोट जास्त लागतात आणि खिडक्यांच्या कडा जाड होतात.

बाकी आहे तो वरचा मजला. छप्पर नाही म्हणजे लपायला काहीच नाही, सीटच्या पाठी, पाइपची रेलिंग, जिन्याचं तोंड, सगळं वरून दिसतं. सीटची पाठ 0.25 मिमी शीटची करू की फोटो एच (पातळ धातूचा पत्रा रसायनाने कोरून) करून घेऊ हे ठरत नाहीये. पुण्यात कोणी छोट्या ऑर्डरचं एचिंग करून देत असेल तर नक्की कळवा, आर्टवर्क माझं तयार आहे. या गाडीनंतर बेटावरच्याच सीव्ह्यू ते राइड या गावांमधे धावणाऱ्या सीव्ह्यू सर्व्हिसेसची लाल हिरवी बस करायचीय, तीही घरचीच कंपनी होती.