जिवाणू जेव्हा झाडाचाच जीन चालू करतो

भाताचं कडा करपा झालेलं पान जवळून बघितलंय का? कडेने पाणचट, पिवळट रेघ सुरू होते, मग ती नागमोडी होत खाली सरकते आणि पान वाळून जातं. हे करणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास ओरायझी, आणि तो काय करतो ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये. तो सुईसारख्या नळीतून आपली प्रोटीन्स थेट पेशीत सोडतो, त्यातली टाल इफेक्टर नावाची प्रोटीन्स सरळ केंद्रकात जाऊन भाताच्याच स्वीट जीनच्या (साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या प्रोटीनचा जीन) प्रमोटरवर, म्हणजे जीन चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, बसतात आणि जीन चालू करतात, मग पेशीतली साखर बाहेर यायला लागते आणि जिवाणूला आयतं जेवण! झाड स्वतःच शत्रूला वाढतंय, खरंच वाईट वाटतं. टाल डीएनएची अक्षरं कशी ओळखतं तो कोड २००९ मध्ये उलगडला.

मला सगळ्यात भारी वाटतं ते एक्सए१३, म्हणजे कडा करप्याला दाद न देणारं स्वीट जीनचंच एक रूप. ते असलेल्या भातात प्रमोटरच थोडा वेगळा असतो, टालला बसायला जागाच मिळत नाही, जीन शांत राहतो आणि जिवाणू उपाशी. पण जिवाणूचे काही स्ट्रेन (उपप्रकार) दुसराच स्वीट जीन पकडतात, म्हणून २०१९ मध्ये तीन स्वीट जीनचे प्रमोटर एकदम एडिट केलेला भात तयार केला गेला.