भरल्या चित्रपटगृहातील उल्डोलमोकची लढाई

आज सोलमध्ये कोरियन सहकाऱ्यांबरोबर ‘म्यॉन्गन्यांग’ हा कोरियन चित्रपट पाहिला. १५९७ साली कोरियाच्या आरमाराचे सेनापती यी सुन-शिन यांनी डझनभर जहाजांनिशी शंभराहून अधिक जपानी जहाजांना जिंदो बेटालगतच्या उल्डोलमोक सामुद्रधुनीच्या उलटसुलट प्रवाहात कसे रोखले, हे इथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तरीही तासाभराच्या त्या लढाईत सारे चित्रपटगृह श्वास रोखून बसले होते. सर्वाधिक हुंदके ऐकू आले ते तोफा धडाडताना नव्हे, तर स्फोटकांनी भरलेल्या होडीची सूचना देण्यासाठी किनाऱ्यावरची मुकी स्त्री आपला घागरा सोडून हवेत फडकावते तेव्हा. माझ्या शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले. याच वर्षी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, त्याच जिंदो बेटाजवळ सेवोल ही प्रवासी बोट बुडून तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती, आणि कप्तान मात्र प्रवाशांना सोडून आधीच बाहेर पडला होता; अशा वर्षी स्वतःचे जहाज सर्वांच्या पुढे नेणारा सेनापती पाहताना लोकांना काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. जपानी सरदार अगदीच खलनायकी थाटाचे आहेत (आपल्या ऐतिहासिक चित्रपटांमुळे मला त्याची सवय आहे म्हणा). एका तरुण सहकाऱ्याला पूर्वार्ध कंटाळवाणा वाटला, आणि त्यावरून जेवताना चांगलाच वाद रंगला.