दीड सुताचा बोल्ट

मोटरसायकलला मागं लावलेली पेटी लवकर म्हातारी होत नाही, म्हातारी होते ती तिची क्लिप. पेटी चार ठिकाणी चेपली तरी काम देते, पण झाकण ओढून धरणारी टॉगल क्लिप एकदा खुळखुळायला लागली की संपलं, मग जांबोटी रोडला खड्डा दिसला की आधी कान मागं जातो आणि नंतर गाडी खड्ड्यात जाते. बेळगावातून कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला जाणाऱ्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा असणार. त्यात पावसाळा. क्लिप ढिली म्हणजे झाकणाचं रबर नीट दाबलं जात नाही आणि रबर दाबलं गेलं नाही म्हणजे कणकुंबीचा पाऊस थेट तुमच्या कपड्यांत.

खरं तर क्लिपची रचना एकदम हुशार आहे. हँडल दाबताना मधे एक जागा येते जिथं सगळ्यात जास्त जोर लागतो, ती ओलांडली की टक्, आणि त्यानंतर तीच ओढ हँडलला पेटीवर दाबून धरते, म्हणजे झाकण जितकं वर यायला बघेल तितकं हँडल अजून घट्ट बसतं. कुलूप वगैरे नंतरच्या गोष्टी, पेटी धरते ती ही ओढ. आणि ही सगळी ओढ येते कुणावर, तर हँडल ज्यावर फिरतं त्या एका बारक्या पिनेवर, म्हणजे रिव्हेटवर. एक सिलिंडरची गाडी दिवसभर थरथरत असते, पिन झिजून बारीक होते, तिचं भोक लंबगोल होतं, थोडीशीच जागा पडते पण तेवढ्यात ओढ गेली, मग हँडल नुसतं पडून राहतं आणि एखाद्या दणक्याला उघडतं.

आता शोरूमला जाऊन पिन मागा. मिळणार नाही. अख्खा सेट घ्या म्हणतात, हँडल, हूक, कुलूप, चावी सगळं, आणि चावी नवी आली म्हणजे दोन पेट्यांना दोन चाव्या. झिजलंय काय तर सगळ्यात स्वस्त तुकडा, आणि नेमका तोच सुटा विकायचा नाही, ह्यामागचं डोकं मला तरी कळत नाही.

म्हणून हार्डवेअरचं दुकान. आमच्या गावात त्याची काय कमी, उद्यमबागेत फाउंड्र्या आणि लेथ आहेत, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं तेही इथंच, पुढं १९१० मध्ये कारखाना किर्लोस्करवाडीला गेला पण रोडला नाव राहिलंय. दुकानात गिऱ्हाईक कन्नडात मागतं, मालक मराठीत दर सांगतो, पोऱ्या हिंदीत आत ओरडतो, आणि बोल्ट बरोबर येतो. फक्त माप नीट सांगा. "काका, पाचचा बोल्ट द्या की" म्हटलं तर पलीकडून येतं, "कशाला पायजे ते सांग की आधी, एमएम का सूत?" हा प्रश्न लाखमोलाचा आहे. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच, पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. पाच एमएम आणि दीड सूत दिसायला सारखे, पण आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याला दोन फेरे जाईल आणि अडकेल. मी सरळ एम५ म्हणजे पाच एमएमचा मागतो, स्टेनलेसचा, नायलॉक नट आणि चार वायसर. चहाच्या पैशात होतं.

काम तसं सोपं. जुन्या रिव्हेटचं डोकं ड्रिलनं उडवायचं, पिन ठोकून काढायची, आणि लंबगोल झालेलं चार एमएमचं भोक पाचच्या बिटनं परत गोल करून घ्यायचं. बोल्ट मात्र पूर्ण आट्यांचा नको, मधे गुळगुळीत दांडा असलेला बघून घ्यायचा, नाहीतर आटे कानशीसारखं भोक खात बसतात आणि वर्षभरात परत तीच खुळखुळ. नायलॉक नट पूर्ण आवळायचा नाही, हँडल हलतं राहील इतकाच, आत नायलॉनची रिंग असते ती त्याला जागेवर धरते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात स्टेनलेस बोल्ट घालणार असाल तर मधे नायलॉनचा वायसर टाका, निदान ग्रीस तरी, कारण ह्या दोन धातूंचं ओल्यात पटत नाही, गोव्याच्या खाऱ्या हवेत तर पत्र्याला पांढरी पावडर सुटते. आणि झाकणाचं रबर दबून चपटं झालं असेल तर खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवा, आवाज निम्मा होतो.

हे सगळं अंगणात चाललेलं असताना शेजारचा मित्र कठड्याला टेकून, "काय करूलास?" मी दाखवलं. त्यानं हँडल दोन-चारदा टक् टक् केलं, मान हलवली, आणि म्हणाला, "चांगलं हाय की, पण आता कुणी पण आठचा पाना लावून खोलंल." बरोबरच होतं, एम५ च्या नटाला आठचाच पाना बसतो. मग नटाच्या बाहेर आलेलं बोल्टाचं टोक मी हातोडीनं ठोकून जरा पसरवून टाकलं, आता कुणाला नट काढता येणार नाही. तो बघत होता. "म्हंजे परत रिव्हेटच झाला की रे," म्हणाला आणि आत चहा सांगायला गेला.