नाक्यावरचा फळा

जानेवारीतला शनिवार, दुपारचे साडेचार. करी रोड स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या दिशेने चालत गेलं की एका गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा लागतो. तोंड पूर्वेला, म्हणजे या वेळी तो सावलीत असायचा. पण पलीकडे गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिलाय, त्याच्या काचांवर आपटून मावळतीचं ऊन उलटं फिरतं आणि दहा-पंधरा मिनिटं थेट फळ्यावर येतं. 'उद्या मेगाब्लॉक' ठळक दिसत होतं. आणि त्या तिरप्या उजेडात, मेगाब्लॉकच्या खाली, पुसलेलं जुनंही काहीतरी.

फळा पूर्वेकडे का, तर आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो म्हणून. पश्चिमेला तोंड करून टांगलेला फळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धुऊन निघतो, मग वर पत्रा कितीही पुढे काढा. पूर्व किंवा उत्तर बघावी आणि दीड फूट पत्रा काढावा, एवढ्यावर भागतं. आठ बाय चारचा मरीन प्लाय आणला तर त्यातून चार बाय तीनचे दोन फळे निघतात आणि दोन फुटी पट्टी उरते. तिच्यावर 'येथे जाहिराती लावू नयेत' लिहितात आणि पुढे सगळ्या जाहिराती तिच्यावरच लागतात. प्लाय कापल्यावर कडांना रंग द्यायला हटकून विसरतात. पाणी पृष्ठभागातून शिरत नाही, कापलेल्या कडेतून शिरतं. दोन पावसाळ्यांत कडा फुगतात, पदर सुटतात आणि उजव्या टोकाची अक्षरं दरीत पडल्यासारखी दिसू लागतात.

रंग मात्र चकाकी नसलेलाच हवा. घरात उरलेला काळा ऑइल पेंट फासला की खडू घसरतो आणि दिवसा फळ्यात बातमीऐवजी समोरचा इस्त्रीवाला दिसतो. दोन हात द्यायचे, तीन दिवस वाळू द्यायचा, मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. ही शेवटची पायरी लोक वेडेपणा समजून गाळतात. मग होतं असं, की कोऱ्या रंगात पहिली अक्षरं मुरतात आणि पुसून जात नाहीत. पहिलीच बातमी 'हार्दिक अभिनंदन' असली तर पुढचे सहा महिने प्रत्येक बातमीच्या पोटात अभिनंदन असतं. पाणीकपातीच्या, आणि एखाद्याच्या निधनाच्यासुद्धा.

आता हिशेब. रस्त्याच्या पलीकडून वाचायचं तर अक्षर दोन इंचांचं हवं. पण मराठी अक्षर दोन इंचांत मावत नाही. त्याच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाशी उकार असा संसार असतो, म्हणून ओळीला चार इंच सोडायचे. तीन फुटांत नऊ ओळी बसतात. दोन ओळींची जागा मंडळाचं नाव, स्थापना वर्ष आणि तारीख खातात. उरल्या सात. चार फुटांच्या रुंदीत वीस-बावीस अक्षरं. म्हणजे जगात काहीही घडो, नाक्याला ते दीडशे अक्षरांत सांगायचं असतं. मंडळाचं नाव मोठं असेल, आणि आपल्याकडे मंडळांची नावं मोठीच असतात, तर सहाच ओळी.

ओळी आखायला सुतळी. खडूची पूड चोळून दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची. टच्च असा आवाज होतो आणि फळ्यावर रेघ उमटते. हे काम पोरांचं. फळ्यालाही शिडी असते. पहिलं वर्ष पुसणं, दुसरं वर्ष सुतळी, मग रंगीत खडूने कडेची नक्षी, आणि मग कधीतरी, लिहिणारा कामावरून उशिरा येणार असतो त्या संध्याकाळी, तारीख. तारीख लिहायला मिळालेलं पोर त्या दिवशी घरी सरळ जात नाही. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून आपले आकडे बघतं, उठून पुढे येऊन ५ चं पोट नीट करतं, परत जाऊन बसतं. चाळीतली कितीतरी मुलं शाळेत जाण्याआधी वाचायला शिकतात ती या फळ्यावर. त्यामुळे 'क' आधी कबड्डीचा येतो, कमळ फार नंतर.

खडू पाण्यात भिजवून लिहायचं. बुडबुडे यायचे थांबले की काढायचा. त्याहून जास्त ठेवला तर बोटातच मोडतो. बिनधुळीच्या महाग खडूला हे जमत नाही, तो पाणी पीत नाही. साधा, दहा खडू मोडले तरी वाईट न वाटणारा घ्यावा. नवशिक्याची चूक ठरलेली. ओल्या खडूचं अक्षर लिहिताना फिकट दिसतं आणि वाळल्यावर उजळतं. तो फिकट दिसतं म्हणून दोनदा-तीनदा गिरवतो आणि अर्ध्या तासाने 'सूचना' हा शब्द भाकरीएवढा होऊन बसतो. साखरेच्या पाण्यात भिजवलेल्या खडूचं अक्षर घट्ट चिकटतं, सहजी पुसत नाही. ते मंडळाच्या नावापुरतंच वापरावं. बातमी साखरेत लिहू नये.

आता मुख्य गोष्ट, कबड्डी. रणजी करंडक मुंबईने मार्च २०२४ मध्ये विदर्भाला वानखेडेवर १६९ धावांनी हरवून ४२व्यांदा जिंकला. ही बातमी एका ओळीत जाते, गेलीही पाहिजे. पण गल्लीच्या संघाने द्वितीय श्रेणीच्या उपांत्यपूर्व फेरीत धडक मारली तर तीन ओळी. यात कोणाला काही चुकीचं वाटत नाही. वानखेडेचं बाकीचे छापतील, आपल्याकडचं आपल्याशिवाय कोण लिहिणार?

त्या तीन ओळी लिहिणं म्हणजे कसब आहे. नुसतं '३४-३३ ने विजयी' लिहिलं तर वाचणारा फळ्यासमोर उभा राहून पहिला प्रश्न विचारतो, 'हाफला किती होते?' कबड्डीत विजयाची चव मध्यांतराच्या गुणांत असते. 'मध्यांतरास ११-१९ पिछाडी' असे शब्द वर आले की खालच्या एका गुणाचं वजन कळतं. आठची पिछाडी मोठी वाटते, पण मधे कोणी जिवंत झाला नाही तर सात गड्यांचे सात आणि लोणाचे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे, वरचे दोन, म्हणजे एका लोणात ती फिटून वर एक उरतो. जाणकार म्हणूनच 'लोण किती?' विचारतो. चढाईपटूचं नाव एक आणि पकडी करणाऱ्याचं एक, दोन्ही लिहावीत. चढाईवाल्याचं एकट्याचं लिहिलं तर कोपरारक्षकाची आई दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर थांबते आणि काहीच बोलत नाही.

सामना बरोबरीत सुटून पाच-पाच चढायांवर गेला तर पंचाईत. त्या डावात बाद झालेला बाहेर जात नाही आणि कोणी जिवंत व्हायचाही प्रश्न नसतो, नुसते गुण मोजायचे. चढाईवाल्याने ओलांडायलाच हवी ती निदान रेषा, तीच वरचा गुण देणारी बोनस रेषा धरतात. हे सगळं फळ्यावर कुठून मावणार? मग '२८-२८ (५-५ चढाया ७-५)' असं आकड्यांचं गणगोत लिहावं लागतं आणि संध्याकाळभर नाक्यावर एकजण ते दुसऱ्याला समजावून सांगत असतो. तिथेही बरोबरी झाली तर नाणेफेक आणि निकाल लावणारी सुवर्ण चढाई. ते मात्र पूर्ण लिहावं, कंस न करता.

क्रिकेटचं फळालेखन वेगळं. कसोटीचा धावफलक उपाहार, चहापान, खेळ थांबला अशा तीन खेपांत बदलतो, म्हणून शब्द एकदाच लिहायचे आणि आकडेच पुसायचे. 'भारत ४ बाद १८७' यातलं 'बाद' सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचं हलत नाही. चूक होते ती जागा सोडण्यात. सकाळी ८७ लिहिताना दोनच आकड्यांची जागा ठेवली तर चहापानाला शतकाचा एक 'बाद'च्या अंगावर जातो. पावसाळ्यात कांगा लीग. १९४८ पासून ही स्पर्धा मुद्दाम भर पावसाच्या दिवसांसाठी आखलेली, गुडघ्याएवढ्या गवतात चेंडू हरवण्याची सोय असलेली. तिच्यासाठी 'मैदान ओले, सामने रद्द' हे चार शब्द कोपऱ्यात तसेच ठेवून देता येतात.

शुद्धलेखनाचं काय सांगावं. मुंबईतल्या क्रीडा मंडळांत निम्मी 'क्रिडा' मंडळं असतील. क्री दीर्घ आहे. कमानीवर, टी-शर्टवर, चषकावर, पावतीपुस्तकावर ऱ्हस्वच. 'शुभेच्छूक' आणि 'हार्दीक' ही आणखी दोन गळवं. फळ्याची बाजू घेऊन एवढंच म्हणता येईल की तिथे चूक दुरुस्त होते. कोणीतरी निवृत्त गुरुजी सकाळी दूध घेऊन परतताना थांबतात, बोट ओलं करतात, वेलांटी पुसतात आणि खडूचा तुकडा सापडला तर बरोबर काढून पुढे जातात. फ्लेक्सवर बोट फिरवून काही होत नाही. आणि फ्लेक्सवर लिहिलेलं तरी काय असतं? महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली, तशी 'भावी नगरसेवक' ही पदवीच होऊन बसली होती. माणसं भावी असतानाच केस पिकवत होती.

जून-जुलैत फळ्यावर तलाव येतात. सात तलाव, सकाळी सहाची पातळी, टक्के. यात एक गंमत दरवर्षी होते. 'तुळशी ओसंडला' अशी बातमी रंगीत खडूने येते, नाका खूश होतो. तुळशीत मावतं ८,०४६ दशलक्ष लिटर. सातही तलाव मिळून १४,४७,३६३. म्हणजे तुळशी भरला तर मुंबईचं जेमतेम दोन दिवसांचं पाणी भरलं. बघायचा तो भातसा, एकटा ७,१७,०३७, जवळजवळ अर्धी मुंबई. पण भातसा शहापुराकडे लांब, तुळशी बोरिवलीच्या जंगलात, घरचा. घरचं पोर पास झाल्यासारखा आनंद होतो, गुण कोण विचारतो.

मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचा मार्ग बंद, असतो रविवारी, फळ्यावर येतो शनिवारी. 'माटुंगा–मुलुंड, ११.०५ ते ३.५५' एवढं लिहून फळेवाला मोकळा होतो आणि मुख्य शब्द राहतो, जलद की धिमा. करी रोडला जलद गाडी थांबतच नाही. जलद मार्ग बंद असला तर त्या गाड्या माटुंग्यापुढे धिम्यावर येतात, मग तुमची गाडी नेहमीच्या स्टेशनांवर थांबते, फक्त रखडते. धिमा बंद असला तर गाडी जलद मार्गावरून जाते आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर गाळू शकते. नाहूरला साखरपुड्याला निघालेल्या कुटुंबाला हा फरक मुलुंडला उतरल्यावर कळतो. शनिवारच्या त्या फळ्यावरही तो शब्द नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळं येतं, वेळापत्रकाच्या फोटोसकट. गैरसोय एकच, तिथे काही पुसावं लागत नाही, त्यामुळे काय ठेवायचं हे कोणी ठरवत नाही. फळ्यावर मेगाब्लॉक लिहायचा तर कबड्डी पुसावी लागते. हातात डस्टर घेऊन माणूस क्षणभर उभा राहतो तो त्यासाठी.

आणि पुसण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. रोजच्या बातमीला ओलं फडकं. ओल्याने पुसलं की फळा काळाभोर होतो, वाळला की नवा. 'दुःखद निधन' ज्या दिवशी लिहितात त्या दिवशी बाकी सगळं ओल्याने पुसून घेतात, नक्षी काढत नाहीत, रंगीत खडू डब्यात राहतो. नाव, वय, अंत्ययात्रा किती वाजता. ती वेळ टळून गेली की खरं तर बातमीचं काम संपलं, तरी त्या संध्याकाळी फळ्याला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी लावतात, तेव्हा कोरड्या डस्टरनेच, तेही वरवर.

म्हणून काचेचं ऊन आलं की दिसतं. मेगाब्लॉकच्या ओळीखाली, मुलुंडच्या उकारांमधून, दोन दिवसांपूर्वीचं 'राहत्या घरून निघेल' एवढं वाचता येत होतं. नाव गेलं होतं. मग ऊन सरकलं.